एकराने विकायचे आणि फुटाने घ्यायचे?



गेल्या काही महिन्यांत नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवला की हातात एक रंगीत कागद पडतो. कागदावर कमान, कमानीआड गुळगुळीत रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडे. नारळ आमच्या मुरमाड रानात कधी येतो ते देव जाणे, पण कागदावर हटकून येतो. खाली लिहिलेले असते, 'आजच बुक करा, उद्या भाव दुप्पट.' कापसाची पट्टी घेऊन मोंढ्यातून बाहेर पडणारा माणूस कोणता, हे हा कागद वाटणाऱ्या पोराला बरोबर कळते.

बैठकीत हा विषय तीन वेळा निघाला आणि तिन्ही वेळा वेळ संपली म्हणून राहून गेला. म्हणून येथे लिहितो आहोत.

पहिल्यांदा हे सांगून टाकतो की 'काळी आई विकू नका' असले कीर्तन आम्ही करणार नाही. ज्यांना पगार आहे, ज्यांची पोरे पुण्यात आहेत, त्यांनीच ते कीर्तन आजवर केले. शेतीत पैसा टाकायचा आणि भाव पाडून घ्यायचा, हे कोणत्या शहाण्या माणसाने जन्मभर करावे? २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा वाटले आता दिवस पालटले. पुढच्या हंगामात तो खाली आला आणि घरात कापूस साठवून बसलेल्यांच्या अंगाला पिसवा चावल्या, भाव काही वर गेला नाही. २०२५ च्या १९ ऑगस्टला केंद्र सरकारने आयात कापसावरचे अकरा टक्के शुल्क काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमची वेचणी सुरू होऊन संपत यायची तेवढे दिवस. त्याच ऑगस्टात मुखेड तालुक्यात पाण्याने गावेच्या गावे वेढली, सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्याची माती वाहून गेली. अशा वर्षात हातात चार पैसे उरले तर ते पुन्हा सरकी-खतात घालण्यापेक्षा शहराकडेला तुकडा घेऊन ठेवावा, असे कोणाला वाटले तर तो माणूस मूर्ख नाही. त्याचा हिशेब मात्र अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा आपण करू.

एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. समजा शहरापासून सहा-सात किलोमीटरवरचे तुमचे रान कोणी ४० लाख रुपये एकराने मागितले. रक्कम ऐकून घरात दोन दिवस झोप लागत नाही. फुटाला किती पडले? ९२ रुपये. घेणाऱ्याने त्यात रस्ते काढले, मोकळी जागा सोडली, नाली केली, खांब रोवले. विकायला साधारण २५,००० फूट उरले. समजा ६०० रुपये फुटाने गेले, तर झाले दीड कोट. परवानगी, मुरूम, डांबर, साहेबांचा चहापाणी असे सगळे धरून २५ लाख खर्च लावा. तुमचे ४० गेले. राहिलेले ८५ लाख कोणी कमावले? नांगर त्याने धरला नाही, दुष्काळ त्याने सोसला नाही. त्याने फक्त एकर घेतला आणि फूट विकला.

आता गंमत पाहा. तेच ४० लाख घेतलेला शेतकरी देणी भागवतो, पोरीचे लग्न करतो, आणि उरलेल्यातून 'गुंतवणूक' म्हणून त्याच पट्ट्यात १,५०० फुटांचा प्लॉट ६०० रुपयांनी घेतो. ९२ ने दिले, ६०० ने घेतले. कापूस विकून धोतर विकत घ्यायचा जो धंदा आमचे बाप-आजे करत आले, तोच हा. फरक एवढाच की कापूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

प्लॉटचा हिशेबही पुढे नेऊ. १,५०० फूट, ६०० रुपये, म्हणजे नऊ लाख. शहरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण सहा-सात टक्के, दलाली दोन टक्के. घरातून गेले पावणेदहा लाखांच्या वर. एवढीच रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत सात टक्क्यांनी ठेवली तर पाच वर्षांनी पावणेचौदा लाखांच्या घरात होते. म्हणजे पाच वर्षांनी तो प्लॉट साधारण सव्वानऊशे रुपये फुटाने गेला, तर कुठे तुम्ही बँकेच्या बरोबरीला आलात. त्याच्या खाली गेला तर तोटा, वर गेला तर नफा. आणि नफा झालाच तर २०२४ च्या जुलैपासून त्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांचा भांडवली कर आहे. हे गणित दलाल सांगत नाही, तो शेजारच्या प्लॉटचा भाव सांगतो. (बँक म्हणजे बँकच. जादा व्याजाच्या पतसंस्थांनी मराठवाड्यात किती घरांच्या ठेवी अडकवल्या ते सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.)

पण खरे दुखणे भावाचे नाहीच. ते आहे विकायच्या वेळेचे.

प्लॉट आपण कशासाठी घेतो? अडीनडीला कामाला यावा म्हणून. आता नांदेडच्या आणि लातूरच्या कडेचे हे प्लॉट घेते कोण? मास्तर, पोलीस, आडत दुकानदार, कृषी केंद्रवाला, आणि तुमच्या-आमच्यासारखा, ज्याला एखाद्या वर्षी कापसाने किंवा सोयाबीनने हात दिला तो. पगारदार सोडले तर बाकी सगळ्यांचा पैसा एकाच विहिरीतून येतो. पाऊस गेला, भाव पडला की दुकानदाराची उधारी अडकते, मोंढा सुना पडतो. ज्या वर्षी तुम्हाला प्लॉट विकायची गरज पडते, त्याच वर्षी गिऱ्हाईकही अडचणीत असते. ज्याला आपण शेतीच्या धोक्यावरचा उतारा समजतो, त्यालाही तोच धोका लागलेला असतो.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे, नळाला पाणी नाही, तेव्हा लातूरच्या कडेचा प्लॉट कोणाला दाखवणार? त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. कापूस नुकता घरात येत होता. ज्यांनी इसार देऊन ठेवला होता आणि बाकी रक्कम 'कापूस विकून देतो' म्हटले होते, त्यांचा इसार बुडाला की राहिला ते ज्याचे त्याला ठाऊक. २०२० साली टाळेबंदीत रजिस्ट्रीची कचेरीच बंद. सोने मोडायला एक सकाळ लागते. प्लॉट मोडायला वर्ष लागते, आणि दवाखाना वर्षभर थांबत नाही.

आमच्यातल्या एकाची गोष्ट आहे. नाव सांगत नाही, तो बैठकीला येतो, हसेल. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस चांगल्या भावाने गेला. नांदेडजवळ बाराशे फूट घेतले. विकणाऱ्याने सांगितले, गुंठेवारीच्या रजिस्ट्र्या सध्या अडल्या आहेत, तोवर बाँडवर करू. नोटरी झाली, फोटो लागला, अंगठे झाले, पेढे वाटले. त्या जुलैत अतिवृष्टीने रान खरवडून नेले. पुढच्या वर्षी पोरीचे लग्न ठरले आणि हा प्लॉट विकायला निघाला. जो तो विचारी, रजिस्ट्री आहे का? सातबारावर नाव आहे का? नाही. मग मूळ मालकाच्या दोन बहिणी पुढे आल्या, त्यांच्या सह्या कोणी घेतल्याच नव्हत्या. २००५ पासून मुलीचा वडिलांच्या जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हे विकणाऱ्याला माहीत होते, घेणाऱ्याने विचारले नाही. शेवटी ज्याने विकला त्यानेच अर्ध्या पैशात परत घेतला, उपकार केल्यासारखा. लग्न सावकाराच्या पैशाने झाले.

हे बाँडचे प्रकरण जरा नीट समजून घ्यावे, कारण आता त्यालाच नवे रंगरोगण चालले आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकू नये, असे तो सांगतो. २०२३ साली हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले. शहरे वाढत गेली, लोकांना गुंठा-दोन गुंठेच परवडत होते, कायदा हलेना. मग सगळा व्यवहार बाँडवर. २०२१ च्या जुलैत नोंदणी खात्याने परिपत्रक काढून अशा रजिस्ट्र्या आणखी आवळल्या. औरंगाबादच्या खंडपीठाने २०२२ साली ते परिपत्रक रद्द ठरवले, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर गरिबाचे पैसे अडकले ते अडकलेच. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने अध्यादेश काढला की शहरांच्या हद्दीतले आणि आराखड्यात रहिवासी, व्यापारी, औद्योगिक वापराला दाखवलेल्या जमिनीचे असे जुने तुकडे फी न घेता नियमित होतील. चांगलेच झाले. ज्यांचे अडकले आहे त्यांनी हा फायदा घ्यावा, तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे खेटे घालावे लागले तरी घालावेत.

पण दलाल तेच वाक्य अर्धे सांगतो आहे. 'आता एक गुंठासुद्धा कायदेशीर, घ्या बिनधास्त.' अध्यादेशातली तारीख वाचा. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४. त्या तारखेच्या आतले जे झाले त्याला माफी आहे. आज कोणी नव्याने शेतात चुन्याच्या रेघा मारून बाँडवर प्लॉट विकत असेल तर ती माफी त्याच्यासाठी नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदलेल्या दस्ताशिवाय विकली जात नाही, हे १८८२ च्या कायद्यात लिहिले आहे. मुखत्यारपत्र आणि साठेखत म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले. इंग्रज गेले, निजाम गेला, पण बाँडवरचा आमचा विश्वास काही जाईना.

निजामाचे नाव निघालेच आहे तर मराठवाड्यातल्या जमिनीचे आणखी एक दुखणे सांगतो. आपल्याकडे इनाम, देवस्थान, वक्फ, गायरान, सीलिंगची वाटप केलेली, अशा जमिनी शहरांच्या कडेला पुष्कळ. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असले की परवानगीशिवाय विक्री होत नाही, झाली तर पुढे रद्द होऊ शकते. आणि चालू सातबारा कोरा दिसला म्हणून भागत नाही, १९५४-५५ चे खासरा पत्रक काढून पाहावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. वकिलाला दोन-तीन हजार देऊन तीस वर्षांचा शोध घ्यायला लावा. नऊ लाख देताना हात थरथरत नाही आणि वकिलाला तीन हजार देताना थरथरतो, हे काही बरोबर नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी आणि आठपेक्षा जास्त प्लॉट पाडलेली योजना असेल तर महारेराचा नंबर लागतो, हा कायदा महाराष्ट्रात २०१७ च्या मेपासून पूर्ण लागू आहे. घरातल्या पोराला मोबाईलवर तो नंबर तपासायला सांगा. एरवी दिवसभर बघतोच. नांदेडला आणखी एक पाहायचे, गोदावरी-आसना यांची पूररेषा. उन्हाळ्यात दाखवलेला प्लॉट पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन पाहावा.

रस्त्याच्या नावाने घेतलेल्या जमिनींचे तर विचारू नका. शक्तिपीठ महामार्गाचे नाव निघाले, ८०० किलोमीटर, बारा जिल्हे, आणि आखणी कागदावर येण्याआधी त्या पट्ट्यात चारचाकी फिरू लागल्या. पुढे कोल्हापुरापासून आपल्या जिल्ह्यांपर्यंत विरोध झाला, आखणी बदलायच्या घोषणा झाल्या. नकाशावरची रेघ मंत्रालयात इकडची तिकडे होते. तुम्ही घेतलेला तुकडा जिथे आहे तिथेच राहतो. रेघ कुठे सरकणार हे ज्यांना आधी कळते त्यांनी घ्यावी जमीन, तुम्हा-आम्हाला ते कळते तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलेले असते.

सर्वांत धोक्याचे दोन प्रकार गावोगाव दिसतात. एक म्हणजे पीककर्ज उचलून इसार देणे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज पडत नाही, म्हणून तो पैसा फुकटचा वाटतो. प्लॉटमध्ये गुंतला की वेळेत फिटत नाही. खाते थकले की पुढच्या मृगाला बँकेचे दार बंद आणि सावकाराचे उघडे. दुसरा प्रकार, शेवटचा एकर विकून शहरात प्लॉट घेणे. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारावरचे नाव पुरते पुसले की उद्या पैसा आला तरी परत शेतीत यायचा रस्ता तुमच्यासाठी बंद. हा कायदा आम्हाला मान्य नाही. गिऱ्हाईक शेतकरीच असले पाहिजे म्हटल्यावर आमच्या जमिनीला गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी, एकेकाळी एकाधिकाराने किनवट-भोकरचा कापूस आदिलाबादच्या बाजारात जाऊ दिला नाही, त्यातलाच हा प्रकार. पण मान्य नसला तरी तो आहे, आणि तो विसरून व्यवहार करणे परवडणार नाही. निदान शेतकरी म्हणून दाखला राहील एवढा तुकडा हातचा ठेवा.

पोरांच्या शिक्षणासाठी लातूरला खोली-प्लॉट घेतो म्हणणारेही भेटतात. बारावीची दोन वर्षे आणि फार तर आणखी एक. तीन वर्षांचे भाडे मोजा आणि प्लॉटवर बांधकामाचा खर्च मोजा. पोरगा डॉक्टर होऊन निघून जातो, खोली आपल्या गळ्यात.

मग शेतकऱ्याने या धंद्यात पडूच नये का? पडावे. पण ज्या टोकाला आपण जन्मापासून बसलो आहोत त्या टोकाने. जमीन आपल्याकडे आहे, या धंद्यातला कच्चा माल आपण आहोत. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींनी हे करून दाखवले. शहर अंगावर येत होते, एकेकट्याने विकले असते तर बिल्डरने एकेकाला गाठून एकराच्या भावात गुंडाळले असते. १९९३ च्या सुमारास सतीश मगर यांनी पुढाकार घेतला. सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केले, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा. मगरपट्टा सिटी म्हणतात ती हीच. जमीन विकून पैसे वाटून घेतले नाहीत, इमारती उभ्या केल्या, कार्यालये भाड्याने दिली, घरच्या पोरांनी वाळू-विटांपासून कंत्राटे घेतली.

नांदेड म्हणजे पुणे नव्हे, हे आम्हालाही कळते. येथे संगणकाच्या कंपन्या रांग लावून उभ्या नाहीत, चारशे एकर एका मेळाने येणेही कठीण. भावकी आहे, बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊ आहेत. पण शहराला लागून एकाच शिवारात ज्यांचे पाच-सात एकर सलग आहेत, अशा चार घरांनी एकत्र बसून मंजूर लेआउट स्वतःच्या नावाने करायला कोणी अडवलेले नाही. पैसा नसेल तर विकसकाशी नोंदणीकृत करार करा, जमिनीच्या बदल्यात तयार प्लॉटांमधला हिस्सा मागा. निम्मे प्लॉट तुमचे राहिले तरी वरचे गणित उलटे फिरते. करार मात्र वकिलाकडून, मुदत घालून, आणि मुखत्यारपत्र हातात न देता. घरधनिणीची सही त्यावर हवी. लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी बायकोच्या नावाने जमीन केली, त्यांच्यापैकी कितीजणांची जमीन बाँडवर गेली ते एकदा गावात विचारून पाहा. दोन माणसांच्या सहीने व्यवहार करायचा म्हटला की दलालाचा निम्मा उत्साह मावळतो.

आणि जे शहरापासून लांब आहेत, माहूर-किनवटला, जळकोट-देवणीला, ज्यांचे रान कोणी फुटाने मागणार नाही, त्यांनी? ज्या पैशाला पुढची तीन वर्षे हात लावायची वेळ येणार नाही असा पैसा असेल, एका वर्षाची बी-भरणी आणि दवाखान्याचे बाजूला काढून उरला असेल, तरच विचार करावा. आणि शहराच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटपेक्षा आपल्याच तालुक्याच्या बाजाररस्त्याला रजिस्ट्री होणारी लहान जागा पाहावी. तिथे शटर टाकता येते, कडबाकुट्टीची गिरणी बसते, शेजारचे चार जण कापूस ठेवायला भाडे देतात. भाव नाही वाढला तरी महिन्याला काही येते. मोकळा प्लॉट बाभळी वाढवतो आणि मालकाला वर्षातून एकदा अतिक्रमण बघायला बोलावतो.

पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय पहिला घेऊ, शेवटचा नाही. ज्यांच्याकडे बाँडवरचे व्यवहार आहेत त्यांनी बाँडची, सातबाराची आणि असेल तर मोजणी नकाशाची झेरॉक्स घेऊन यावे. १५ ऑक्टोबर २०२४ च्या आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, एवढे तरी त्या दिवशी वेगळे करता येईल. ज्यांना लाज वाटते त्यांनी नाव झाकून आणले तरी चालेल.